निरोपाचा सत्कार

हंगामाच्या पहिल्या दोन्ही सामन्यांत परळीच्या पगारी फुटबॉल क्लबनं सपाटून मार खाल्ला आणि पेपरात झळकलं, ‘प्रशिक्षक सिद्धाराम यांची उचलबांगडी!’ सिद्धारामलाही ते पेपरातूनच कळलं. दिवसभर निम्मं गाव शाल-श्रीफळ घेऊन त्याला निरोप द्यायला लोटलं.

संध्याकाळी क्लबचे अध्यक्ष विश्वेश्वरअप्पा खांद्यावरची शाल सावरत, तणतणतच आले. “सर, कुनी काढलंय तुमाला? ही अफवा उठवली कुनी?”

“मी,” सिद्धारामची बायको गंगासागर शालींचा ढीग बाहेर आणत म्हणाली. “अप्पा, बाहेरगावी पोरं रातभर कुडकुडतेत, मंग सकाळी काय डोंबल खेळनार? तुमी तर पांघरुनं देईनात. आता समद्यांची सोय झाली. गोलकीपरची तेवढी राह्यलीय.”

आणि अप्पांच्या खांद्याकडं बघत तिनं हात पुढं केला.