आठही ठणठणीत

आठही बकऱ्या ठणठणीत होत्या आणि त्यामुळेच डॉ. प्रियदर्शनीचं डोकं फिरलं होतं.

तिने सगळ्यांचा ताप पुन्हा एकदा पाहिला. पहिल्या सहा जणींना ताप नव्हता, ते ठीकच होतं. त्यांना महिन्यापूर्वी पीपीआर या बकऱ्यांच्या जीवघेण्या साथरोगावरची, नव्या बॅचमधली लस टोचली होती. सात आणि आठ नंबरला मात्र मुद्दाम काहीच दिलं नव्हतं. नऊ दिवसांपूर्वी आठही जणींच्या अंगात रोगाचा जिवंत विषाणू सोडला. एव्हाना या दोघी आडव्या पडायला हव्या होत्या. त्या पडल्या, तरच बाकीच्या सहा लसीमुळे वाचल्या असं कागदावर लिहिता येतं. आणि या बाया गव्हाणीत पाय घालून एकमेकींना ढुशा देत होत्या.

"सगळ्या बऱ्या हायेत, मॅडम," मैनाबाई कौतुकाने म्हणाली. अकोल्याच्या एमआयडीसीतल्या त्या लहानशा लसकारखान्यात सात वर्षं जनावरांचं सगळं तीच पाहायची.

"तेच तर वाईट आहे. म्हणजे विषाणू मेलेला होता. विषाणूचा फ्रीजर अश्विनच्या ताब्यात असतो. त्याला आजच घरी पाठवते."

मैनाबाईच्या हातातला खराटा थांबला.

"अश्विनदादाले काई म्हणू नका. मीच टोचलं या दोघीले."

"काय टोचलं?"

"लस. तुमी सहालेच देल्ली. शिशीत बरीच उरली होती. तुमी म्हटलं, उकळा अन् फेकून द्या. अन् हात धुवाले गेल्या. म्या म्हटलं, चांगली लस वाया काहून घालवाची?"

प्रियदर्शनीचा तोल गेला. चार वर्षं पुण्यात राहून कमावलेली भाषाही त्याच्याबरोबर गेली.

"तुमाले माहीत नव्हतं, या दोघीले द्याचीच नव्हती म्हणून? सात वर्षं झाले तुमाले इथं. काहून केलं असं?"

"माहीत होतं."

"मंग?"

"सात वर्षं मीच तं बसून राहते त्याहिच्यापाशी. तुमी सकाळी ताप पाहता अन् जाता." मैनाबाईचा आवाज चढला नाही. "तोंड सडते, मॅडम. चारा समोर असते. वास घेते बिचारी, अन् खाता येत नाई. शेवटी तुमी आठाहीले मारताच. चुना टाकून पुरता. मटन बी कोनाले देता येत नाई त्याहिचं. मरन तं सगळ्याहिलेच हाय. मंग दोघीईनंच तेवढं काहून भोगावं?"

याचं उत्तर प्रियदर्शनीला पाठ होतं. दोन बकऱ्यांच्या हालांवर लाखोंचे जीव वाचतात, हे ती प्रशिक्षणाला येणाऱ्या मुलांना दरवर्षी पडद्यावर आकडे दाखवून सांगायची. ते खरंही होतं. पण आठ नंबरची तिच्या कोटाचा खिसा चघळत असताना तिला ते तोंडातून काढवेना, आणि त्याचाही तिला संताप आला.

"लस तं चांगली हाय ना पन?" मैनाबाईने विचारलं. "आठही वाचल्या."

"असेल चांगली. मला वाटतं, चांगलीच आहे. पण माझ्या वाटण्याला कोण विचारतं? विषाणू मेलेला असता तरी आठही अशाच उड्या मारत राहिल्या असत्या. आता नव्या बकऱ्या आणायच्या, वेगळ्या ठेवायच्या, मग लस, मग तीन आठवडे, मग पुन्हा विषाणू. दोन महिने गेले. तोवर सगळी बॅच कुलपात. आणि पुन्हा दोघींना लस द्यायची नाहीच, मैनाबाई. तुम्ही वाचवलं कोणाला?"

मैनाबाईने खराटा भिंतीला टेकवला.

तेवढ्यात प्रियदर्शनीचा फोन वाजला. डॉ. वाहेद, दर्यापूरचे सरकारी पशुवैद्य. त्यांच्या तालुक्यात पीपीआरची साथ पसरली होती, दुसरीकडचा साठा संपला होता आणि चार दिवसांपासून ते याच बॅचसाठी रोज फोन करत होते. आज ती सुटेल, असं तिनेच त्यांना काल सांगितलं होतं. तिने फोन उचलला, आवाज मोठा केला आणि तो सरळ मैनाबाईपुढे धरला.

"घ्या. तुम्हीच सांगा."

मैनाबाईने पदराला हात पुसले आणि फोन दोन्ही हातांनी घेतला.

"मॅडम, सुटली का बॅच?" वाहेद विचारत होते. "गाडी पाठवू का?"

"साहेब, मी मैनाबाई बोलून राहिली. बकऱ्याईचं पाहते इथं. लस नाई येत. दोन महिने लागतीन. माह्याच्यानं झालं."

फोन चालू आहे की नाही, म्हणून मैनाबाईने तो कानापासून दूर धरून पाहिला.

"साहेब, तवरिक एक करजा," ती घाईने म्हणाली. "पानी कोमट करजा, त्यात मीठ टाकजा. कापसानं त्याहिची तोंडं धुवून देजा. पन हळू. लय दुखते त्याहिले."

"चारशेच्या वर पडल्या हायेत इथं, बाई," वाहेद म्हणाले. "कोनाकोनाचं तोंड धुवू?"