हललेला फोटो

लाल झेंडी वर गेली तेव्हा नीलम्मा अजून वाळूतच बसलेली होती. तिने वळून आधी झेंडी पाहिली, मग पांढरी फळी, आणि मग फळीशेजारी कॅमेरा घेऊन बसलेल्या आबेदाकडे पाहिलं. लांब उडीची ही शेवटची संधी होती आणि उडी सगळ्यांत लांब पडली होती. पाय फळीपुढे गेल्याचा फाउल दिला नसता तर बिलोलीची ही शाळकरी पोर लातूरच्या या मैदानावरून थेट राज्य स्पर्धेला गेली असती.

कॅमेरा आबेदाच्या अब्बांचा होता. ते गेल्यानंतरचा चाळिसावा दिवस नुकताच झाला होता, आणि पेपरने त्यांच्या जागी तिलाच पाठवलं होतं. सकाळी तिने सगळं त्यांच्या पद्धतीने लावलं. मागची गर्दी विरघळावी म्हणून अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. उडणारा पाय हवेत थिजावा म्हणून शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर. पांढरी फळी उन्हात जळू नये म्हणून एक्सपोजर किंचित कमी. मग सराव करणाऱ्या पोरींचे दोन-चार फोटो काढून पाहिले. अशी चाचणी केल्याशिवाय अब्बा कधी मैदानात बसले नाहीत.

म्हणून तर ती गोष्ट तिला पुढे कधी पचली नाही.

शाळेत असताना याच फळीवर तिची उडी फाउल ठरली होती. झेंडी महादेवप्पा सरांच्या हातात होती. सर म्हणजे अब्बांचे जिगरी दोस्त, ईदला पहिला शीरखुर्मा त्यांच्या घरी जायचा. अब्बा फळीशेजारीच बसले होते. ती धावत त्यांच्याकडे गेली. त्यांनी पडद्यावर हाताची सावली धरून पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

“हललाय, बेटा,” ते म्हणाले. “काल हॉलमधल्या कार्यक्रमाची सेटिंग तशीच राहिली. शटर फार हळू होतं.”

तिने मानलं. राग आला तो झेंडीचा. त्या रागावरच पुढच्या वर्षी ती राज्याला गेली.

खरं कळलं ते फार पुढे, स्वतः कॅमेरा हातात घेतल्यावर. हॉलच्या मंद उजेडाची सेटिंग भर उन्हात राहिली तर फोटो नुसता हलत नाही. तो कोऱ्या कागदासारखा पांढराफटक येतो. त्यात ना पाय दिसतो, ना फळी. अब्बा खोटं बोलले होते. फोटो आला होता. दोस्ताची चूक झाकायला त्यांनी पोरीची उडी पुसून टाकली होती.

तिने कधी विचारलं नाही. त्यांना जेवायला वाढलं, दवाखान्यात त्यांच्या पायाशी बसली, फक्त नजर दिली नाही. मय्यतीत महादेवप्पा सर लहान पोरासारखे रडले, तेव्हाही तिच्या मनात एकच आलं : दोघांनी मिळून केलं.

“मॅडम, तुमच्यात आलंय का?” नीलम्माच्या शिक्षिका उमादेवी बाई धापा टाकत आल्या. मागोमाग नीलम्मा, गुडघ्यापर्यंत वाळू.

आबेदाने फोटो मोठा करून पाहिला. चुन्याचा कण न् कण दिसत होता. बुटाचं टोक फळीच्या पुढे होतं. बोटभर.

“फाउल नसंल तर मी आत्ता जाऊन भांडते,” बाई म्हणाल्या. “असंल तर बास झालं बाई. हिचा बाप आधीच मला बोलून राहिलाय, पोरीला कुठं कुठं नेता म्हणून. त्याला काय सांगू, फळी दिसत न्हाई हिला?”

“माझा पाय मागंच होता, ताई,” नीलम्मा म्हणाली. “मला पक्कं ठाव हाय. झेंडीवाल्यानं लबाडी केली. पुढच्या साली दाखवते त्याला.”

आबेदाने पडद्यावर हाताची सावली धरली. बराच वेळ धरली.

“हललाय,” ती म्हणाली. “कालची हॉलमधली सेटिंग तशीच राहिली. शटर हळू होतं.”

“घ्या,” बाईंनी कपाळाला हात लावला. “मग एवढं लोढणं गळ्यात कशाला अडकवलं म्हणते मी?”

नीलम्माने आबेदाकडे एकदा पाहिलं. ती नजर आबेदाच्या ओळखीची होती. मग पोरगी पायावरची वाळू झटकत, मान ताठ ठेवून निघून गेली.

आबेदा उन्हात तिथेच बसून राहिली. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला त्या जुन्या उडीतला स्वतःचा पाय स्वच्छ दिसला : फळीच्या पुढे, बोटभर.