बसायचं नाही

"बस ना गं सटवे, बस एकदाची!"

शिंपीण हे पाण्यातच बोलली. तोंडात खारट पाणी शिरलं, ते थुंकून तिनं पुन्हा हात टाकला. उजव्या खांद्यात कुणी तरी तापलेली सुई टोचून ठेवली होती आणि काढायचं विसरलं होतं. श्वासासाठी मान वळवली की होडी दिसे. होडीत, ताडपत्रीच्या खांबाला टेकून, ती उभी दिसे. तिची मैत्रीण, इस्त्रीवाली.

दोघींचं दुकान एकाच खोलीत, वीस वर्षं. एक दिवसभर बसून पोट भरायची, दुसरी दिवसभर उभी राहून. इस्त्रीवालीच्या पायांच्या शिरा आताशा दोरखंडासारख्या फुगायच्या. तरी ती स्टूल घ्यायची नाही.

बेटावरून किनाऱ्यापर्यंत पोहत जायचं होतं. होडीला हात लागला की होडीतला पंच खेप बाद करणार, संपलं. याआधी दोनदा संपलं होतं. पहिल्या खेपेला होडीत नवरा होता, दुसऱ्या खेपेला भाऊ. दोघांनाही तिचे निळे ओठ बघवले नाहीत. दोघांनी मायेनं हात पुढे केला, आणि तिनंही तो मुकाट्यानं धरला. नंतर मात्र मशीनच्या प्रत्येक टाक्याला तिला वाटत राहिलं, अजून थोडं जमलं असतं. पुढच्या महिन्यात तिला पन्नास वर्षं पुरी होणार होती, आणि पन्नाशीनंतर पोहणाऱ्यांची संघटना परवाना देत नव्हती. ही शेवटची खेप.

"आता होडीत मी येते," इस्त्रीवाली म्हणाली होती. तिला पोहता येत नव्हतं. गुडघ्याच्या वर पाणी आलं की तिला घाम फुटायचा. "मी उभी दिसले तर तुझ्यात दम आहे, असं समज आणि गुमान हात मार. दम संपला असं मला दिसलं की मी खाली बसेन. मग तूही ये वर. पण तोवर स्वतःला विचारायचं नाही. माझ्याकडे बघायचं."

शिंपिणीनं टाळी दिली. जिच्या भरवशावर दुकान उघडं टाकून जाता येतं, तिच्या भरवशावर समुद्रात का उतरू नये?

आता सातवा तास होता. किनाऱ्यावरची पाण्याची टाकी तासाभरापासून तेवढीच दिसत होती, अंगठ्याच्या नखाएवढी. ओहोटी उलटी ओढत होती. दहा हात पुढे, नऊ हात मागे. आणि होडीतून त्या बयेचं गाणं चालूच. ओव्या ती स्वतःच रचायची, कपड्यांवर इस्त्री फिरवता फिरवता.

निळं कापड पाण्याचं, त्याला असणारच काठ,
सई माझी शिंपीण, कापत जाईल वाट.

"खांदा गेला गं!" शिंपीण ओरडली.

"दुसरा आहे ना?"

"मरेन मी! बस आता!"

"बसायला मी काय शिंपीण आहे?"

होडीवाला फिसकन हसला. दोरीला बांधलेली सरबताची बाटली त्यानंच पाण्यात फेकली. चौथ्या तासापासून तोच फेकत होता. महाराणी खांब सोडून दोन पावलंही पुढे येत नव्हत्या.

शिंपिणीच्या डोक्यात सणक गेली. नवऱ्याला दया आली, भावाला आली, आणि ही? हिचं काळीज दगडाचं. किनाऱ्याला लागू दे, आधी हिच्या झिंज्या उपटते. तो राग खांद्यातून खाली हातात उतरला. तिनं ओहोटीला शिव्या घातल्या, सुईला घातल्या, त्या नखाएवढ्या टाकीला घातल्या, आणि हात टाकत राहिली. मान वळवायची. बसली? नाही. पुन्हा वळवायची. बसली? नाही.

बसत नाहीस ना? मग मीही थांबत नाही, जा!

टाकी बोटाएवढी झाली. मग हाताएवढी. मग टाकीचे पाय दिसू लागले, जिना दिसू लागला. आणि मग बोटांना वाळू लागली.

शिंपीण रांगत बाहेर आली, धडपडत उभी राहिली. होडीतल्या पंचानं शिट्टी फुंकली. ती टाळ्या ऐकायला थांबली नाही. गर्रकन वळली आणि पुन्हा पाण्यात शिरून होडीकडे निघाली.

"एवढी विनवत होते, कानात बोळे घातले होतेस? उतर खाली!"

इस्त्रीवाली उतरली नाही. खांबाला टेकून तशीच उभी.

होडी वाळूला टेकली तेव्हा शिंपिणीला चादर दिसली. इस्त्रीच्या टेबलावरची जुनी जाड चादर. पाण्यातून बाहेर आल्यावर तिला गुंडाळायला म्हणून आणलेली. तिच्या पट्ट्या फाडल्या होत्या. एक काखेखालून, एक कमरेला, एक गुडघ्यांना, सगळ्या खांबाभोवती करकचून बांधलेल्या. चादरीवरचा इस्त्रीचा करपलेला डाग बरोबर गुडघ्यावर आला होता.

"चौथ्या तासाला पाय गेले यांचे," होडीवाला गाठी सोडता सोडता म्हणाला. "कोसळल्याच होत्या. मला म्हणाल्या, तिनं मान वळवायच्या आत बांध."

शेवटची गाठ सुटली तशी इस्त्रीवाली पुढे कलली. शिंपिणीनं तिला दोन्ही ओल्या हातांत झेललं, गेलेल्या खांद्यासकट. झिंज्या उपटायचं राहूनच गेलं.

इस्त्रीवालीनं तिच्या निळ्या ओठांकडे बघितलं, मग मागच्या अख्ख्या पाण्याकडे.

"काय गं," तिनं विचारलं, "आता बसू?"