बाबांची तहान

"मेलेल्या बापाची सेवा करावी तर माझ्यासारखी. अख्ख्या मुरबाड तालुक्यात दुसरा दाखवा," कुंडलिक म्हणाला.

समोर फक्त शेळी होती. तिने दुसरा दाखवला नाही.

सकाळ झाली होती. कुंडलिक ओटीवरच्या खाटेत गोधडी घेऊन बसला होता. उघड्या दारातून माजघरातला बाबांचा फोटो दिसत होता, आणि फोटोखाली बाटली. काल भरलेली होती. आज नेहमीप्रमाणे रिकामी. झाकण शेजारी नीट ठेवलेलं. बाबा जिवंतपणी टापटिपीचे होते, मेल्यावरही बिघडले नाहीत.

सुरुवात सर्वपित्रीला झाली. ताटात बाबांच्या आवडीची क्वार्टर ठेवली होती. बाबा दारूनेच गेले होते, पण आवड ती आवड. सकाळी बाटली रिकामी. बाप आला, प्याला, तृप्त झाला. मग दर अमावास्येला ठेवायची ठरली. पुढे दर सोमवारी. संक्रांतीपासून रोज. मेलेल्या माणसाची तहान वाढतच जाते, हे कुंडलिकला अनुभवाने कळलं. धसईच्या बाजारातून तो आता मोठी बाटली आणी. स्वतः प्रसाद म्हणून झाकणभरच घेई. त्यापुढचं त्याला काही आठवत नसे, पण झोप बाबांच्या कृपेने गाढ लागे.

हळूहळू बाबा घरभर वावरू लागले. भरलेला हंडा आडवा सापडे. मोरीत कोणीतरी ओकून ठेवलेलं असे. एका सकाळी सरस्वतीच्या दंडावर पाच बोटं उमटली होती.

"बाबास राग आला असंल," कुंडलिक बायकोला म्हणाला. सांगताना त्याचा हात थरथरत होता. सकाळी तो थरथरेच, झाकणभर प्रसाद घेतला की थांबे.

काल सरस्वतीने तांदळाचं पीठ चाळलं. माणूस गेला की दिव्याजवळ पीठ पसरतात आणि कोणाचं पाऊल उमटतं ते सकाळी बघतात. तसं तिने ते फोटोखाली, बाटलीभोवती पसरलं.

"मामंजींचं पाऊल निघालं तर मी नांदते," ती म्हणाली होती. "नाय निघालं तर वाशिंदला भावाकडं जाते. मंग परत बोलवायला येऊ नका."

आत्ता ती पिशवी घेऊन माजघराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"खाटंवरून उतरू नका. आधी बघा."

कुंडलिकने मान लांब केली. पिठात पावलं होती. अनवाणी, रुंद, बोटं फाकलेली. त्याच्या अंगावर काटा आला, आणि छातीही फुगली.

"बाबाच. बापाचं पाऊल मला कळणार नाय? ठेव ती पिशवी."

पावलं बाटलीपासून निघाली होती. उंबरा ओलांडून, सारवलेल्या ओटीवर पांढरी पांढरी उमटत, थेट त्याच्या खाटेपर्यंत आली होती.

"माझ्या उशाशी बसला गो रातभर," तो कुजबुजला.

"आले ते दिसतंय," सरस्वती म्हणाली. "गेले कुठनं?"

कुंडलिकने पुन्हा पाहिलं. परत जाणारं एकही पाऊल नव्हतं. खाटेपर्यंत जो आला होता, तो खाटेतून उतरलाच नव्हता. शेळीने रवंथ थांबवला. गोधडीखाली आपल्याशिवाय आणखी कोणीतरी आहे, असं कुंडलिकला वाटलं. त्याने पायाकडून गोधडी हळूहळू वर ओढली.

दोन पाय बाहेर आले. तळवे पिठाने पांढरेशुभ्र. रुंद, बोटं फाकलेली. पाय बाबांचेच होते, फक्त ते कुंडलिकला लावलेले होते.

मग त्याची नजर सरस्वतीच्या दंडाकडे गेली आणि तिथून झटकन खाली आली. हात थरथरू लागला. या वेळी त्याने झाकण मागितलं नाही.

"बाबा एकदाबी आलाच नाय गो," तो म्हणाला. "मीच पितो."

सरस्वतीने पिशवी खाली ठेवली नाही.

"मुरबाडला डाक्टरकडं येशील माझ्यासंगं?" त्याने विचारलं. " तितून मंग तू वाशिंदला जा."

"गाडीला टाइम हाय अजून," ती म्हणाली.

"मंग जरा पाय धुवायला पाणी दे."