दातातली शीळ

"फट ठेवा," भाऊ म्हणाला. "ताईला सांगू नका, पण फट ठेवा."

तो दातांच्या लॅबच्या दारातच उभा राहून इंग्रजीत बोलत होता. दातवालीसमोर टेबलावर त्याच्या बहिणीच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा होता. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी सकाळीच माप घेऊन पाठवला होता. पुढचा एक दात फार वर्षांपूर्वी अर्धा तुटलेला, आणि कालच्या प्रवासात उरलासुरलाही गेलेला. चारला नवा दात बसवायचा होता. सहाला गावात भावा-बहिणीचा गाण्याचा कार्यक्रम.

'दातवाली' ही पदवी तिला इमारतीनं दिली होती. तेवीस वर्षं ती याच खोलीत बसून लोकांचे दात घडवत होती. कंबर कामातून गेली, चष्म्याचं भिंग जाड झालं, नवऱ्यानं कंटाळून दुसरीकडे संसार थाटला. टिकून राहिले ते हे दोघंच. दूर स्वीडनमधले भाऊ-बहीण. आपल्या स्वयंपाकघरात बसून जुन्या टेपरेकॉर्डरवर गाणी भरायचे आणि त्यांच्या कॅसेट काढायचे. बहीण गायची, भाऊ स्वस्तातल्या कीबोर्डवर साथ करायचा. गाण्याच्या मध्येच खुर्ची करकरायची, कुणीतरी नळ बंद करायचं, आणि ते सगळं तसंच राहू दिलेलं असायचं. त्यांना कुणी डोक्यावर घेतलं नाही. दातवालीनं मात्र त्यांचं एकही गाणं चुकवलं नव्हतं. भाषा ओ की ठो कळत नसे. पण गाणारीच्या तोंडी 'स' आला की दातातून एक बारीक शीळ निघायची, आणि दातवालीचे अवघडलेले खांदे आपोआप खाली यायचे.

ती शीळ त्या अर्ध्या तुटलेल्या दाताच्या फटीतून येत होती.

"चाळीस माणसं येतात आमच्या कार्यक्रमाला," भाऊ म्हणाला. त्याचे डोळे झोपेवाचून लाल झाले होते. "पण त्या शिळेसाठी येतात. तीच गेली तर आमच्यात उरलं काय? ताई दमलीय, तिला आत्ता काही सुचत नाहीये. उद्या तीच रडत बसेल."

डॉक्टरांच्या चिठ्ठीत स्पष्ट लिहिलं होतं, फट पूर्ण बंद करावी. दातवालीनं चिठ्ठी पालथी घातली. तिच्या मनातलंच तर तो बोलला होता.

"ठेवते," ती म्हणाली.

पोर्सेलीनची पूड पाण्यात कालवून तिनं ब्रशच्या टोकानं थरावर थर चढवले. एक कड केसभर आत घेतली. भट्टीतून दात बाहेर आला आणि तिनं साच्यावर बसवून पाहिला. कॅसेटवरच्या फोटोत दिसायची तशी हुबेहूब फट. इतकं नाजूक काम तिच्या हातून कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

तीनच्या सुमाराला गाणारी स्वतः वर आली, दाताचा रंग जुळवायला. पन्नाशीची बाई, कोपरावर विरलेला स्वेटर. जिने चढून तिला धाप लागली होती. स्टुलावर बसली ती पोतं टाकावं तशी. दातवालीनं मनात शंभर प्रश्न साठवले होते. तिनं नुसता पाण्याचा पेला पुढे केला.

गाणारीनं मान एका बाजूला कलती केली आणि पाणी गालाच्या कडेनं, घोटघोट आत सोडलं.

"असं का पिता?"

"पुढून प्यायले की कळ थेट मेंदूत जाते. शेजारच्या दाताचं मूळ उघडं पडलंय ना. फटीतून वारा लागला तरी जीव जातो." ती तोंडावर हात धरून हसली. "आमच्याकडे सहा महिने थंडी. बाहेर ओठ मिटूनच चालायचं. सफरचंद सुरीनं कापून दाढेखाली टाकायचं. फक्त गाताना इलाज नसतो. तोंड उघडावंच लागतं."

"कधीपासून?"

"एकोणीस वर्षं झाली."

कानात जी शीळ घेऊन दातवाली इतके दिवस ढकलत आली होती, त्या प्रत्येक शिळेला या बाईला कळ लागत होती. प्रत्येक गाण्यात. प्रत्येक 'स'ला.

दातवालीनं साचा स्वतःकडे ओढला. "थोडं काम राहिलंय."

तिनं पुन्हा पूड कालवली. मग आत घेतलेली कड भरत आणली. भट्टीचं दार लावताना तिला वाटलं, घरातलं कुणीतरी आपण आपल्या हातानं घालवलं.

दात बाहेर आला. निवल्यावर तिनं तो साच्यावर बसवला. ओळ अखंड झाली होती. गाणारीनं त्या जागेवरून हलकेच बोट फिरवलं. मग परत फिरवलं.

"बंद केलीत?"

"केली. तुमचा भाऊ रागावेल माझ्यावर."

"रागावू दे. धाकटा आहे, समजावीन मी त्याला."

तिचे डोळे भरून आले होते. बाहीनं ते पुसून तिनं पिशवीतून एक कागद काढला. चार घड्यांचा, घड्यांवर विरलेला. वरती याच लॅबचं नाव छापलेलं होतं. खालचं अक्षर दातवालीनं लांबूनच ओळखलं. स्वीडिश शब्दकोश समोर ठेवून, एकेक शब्द शोधत लिहिलेलं तिचं स्वतःचं अक्षर.

"आमची पहिली कॅसेट निघाली तेव्हा आम्हाला हे एकच पत्र आलं," गाणारी म्हणाली. "दुसऱ्या दिवशी मी दात नीट करून घेणार होते. तुम्ही लिहिलं होतंत, 'हा दात कधीही दुरुस्त करू नका, याच शिळेवर मी दिवस काढते.' म्हणून मी तेव्हा डॉक्टरकडे गेलेच नाही."

तिनं कागदाची घडी पुन्हा नीट घातली.

"आज तुमच्या गावात आले, ती तुम्हाला एवढंच विचारायला, की आता दुरुस्त केला तर चालेल का?"