प्लसचं टोक

नंदिनीच्या रिमोटच्या गाडीला बॅटरीचे कनेक्टर कोणते लावायचे, यावरून आमच्या घरात अबोला झाला होता. मला एकाच बाजूने बसणारा पिवळा हवा होता, कारण पोरगी सात वर्षांची आणि बॅटरी स्वतःच जोडते. तिच्या बाबांनी मात्र दोन सुटे गोल लावले, उलटसुलट कसेही बसणारे. "करंट भरपूर जातो, गाडी लई पळती."

गाडीकडची दोन्ही टोकं काळी. उलटं जोडलं तर बॅटरी हातातच भडकायची. म्हणून प्लसच्या टोकाला मी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि तिला शिकवलं, "बॅटरीची लाल वायर इथंच लावायची, बाळा."

दसऱ्याला पडेगावच्या मैदानावर शर्यत होती. शिट्टी वाजायला आली. नंदिनीनं बॅटरी उचलली आणि थबकली.

"मम्मी, इथं तर दोन्ही लालच हायेत!"

मी तिचा हात घट्ट धरला. "कुणी हात लावला गाडीला?"

सासूबाई हसतच पुढं आल्या.

"मीच की. काल खंडेनवमीला गाडीची पूजा नाय का केली? एकाला कुंकू दिसलं, मग दुसऱ्याचं कपाळ मोकळं कसं ठेवू?"