वळण

निबंधाचा हा कितवा खर्डा, ते आता तिलाही आठवत नव्हतं. मॅनेजमेंट कॉलेजच्या प्रवेशासाठी स्वतःविषयी लिहायचं होतं, आणि निबंध शिकवणारे सर प्रत्येक वेळी नाक मुरडत होते. "माहिती नको गं, गोष्ट सांग, गोष्ट!" हे ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. आज तिने वैतागून फोन स्पीकरवर टाकला, ओट्यावर ठेवला आणि सगळा राग भांड्यांवर काढायला घेतला.

"राग मानू नकोस," सर म्हणाले, "पण तुझ्या आयुष्याला काही वळणच नाही!"

नेमकी तेव्हाच आई स्वयंपाकघरात आली. तिने झडप घालून फोन उचलला.

"कोणाला वळण नाही म्हणता? माझ्या मुलीला?"

"आई, अगं, ते गोष्टीतलं वळण म्हणतायत..."

"तू गप्प बस! अहो, हिचे वडील वर्षभर अंथरुणाला खिळले होते, तेव्हा पहाटे उठून आमच्या बेकरीची भट्टी पेटवायची आणि मग कॉलेजला पळायची ही. एका कामगाराला काढलं नाही, की एका गिऱ्हाइकाला काही कळू दिलं नाही. चारचौघांत घरचं रडगाणं गायचं नाही, हे वळण मी लावलंय तिला, मी!"

पलीकडून सरांनी कागद ओढल्याचा आवाज आला.

 

"काकू, जरा सावकाश सांगा ना. मी लिहून घेतोय."